डाव्या चाकाची तार

डावखुऱ्यांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला विचाराल, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. माणूस डाव्या हातानं काम करणारा, म्हणून तरुणपणी गॅरेजात कुणीतरी थट्टेनं तशी हाक मारली, आणि ती चिकटली ती चिकटलीच. आता टपालसुद्धा त्याच नावानं येतं आणि हे सही करून घेतात. सहीही डाव्याच हातानं.

वय सदुसष्ट, अंगानं काटक, आणि पायाला भिंगरी. जेवताना दोनदा उठणार, चहाचा कप खिडकीत विसरणार, बोलता बोलता दुसऱ्याच खोलीत निघून जाणार. बायको म्हणते, यांच्यासाठी आरामखुर्ची घेतली ती वाळलेले कपडे टाकायला बरी पडली. झोपेतसुद्धा हा माणूस पाय हलवतो. तिनं सुरुवातीला औषधपाणी करून पाहिलं, मग नाद सोडला.

काम मात्र असं की तिथे घाई चालत नाही. शर्यतीच्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग ओळखणं आणि जमवणं, हे ते काम. हौशी लोक लांबून लांबून येतात, तान्ह्या बाळासारखा एखादा लोखंडाचा तुकडा फडक्यात गुंडाळून. डावखुरे तो हातात तोलतात, नखानं टिचकी मारून कानाशी नेतात. ओतीव भाग असेल तर कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकतात. फसफसला तर मॅग्नेशियम, म्हणजे खास शर्यतीसाठी हलकं ओतलेलं. नाही फसफसला तर कुणाच्या तरी बाजारहाटाच्या गाडीचा. मग बघतात बोल्टांची डोकी. शर्यतीच्या गाडीत हादऱ्यानं बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून डोक्याला आरपार भोक असतं. दोन शेजारच्या बोल्टांतून बारीक तार ओवायची आणि पीळ देऊन घट्ट बांधायची. जिथे भोक हवं तिथे ते नसेल, तर पाहुण्याला निरोप ठरलेला: घेऊन जा, कागद उडू नयेत म्हणून ठेवायला छान आहे. आणि कुणी भाग घासून चकचकीत करून आणला की यांचा पारा चढलाच म्हणून समजा. कानशीचे ओरखडे, जुन्या रंगाचा पापुद्रा, ठोकलेला नंबर, सगळी ओळख त्या मळाखाली असते, आणि हे शहाणे तिला आंघोळ घालून आणतात.

मागच्या खोलीत एक फळी आहे, तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही. तिच्यावर एकतीस भाग आहेत, सगळे एकाच गाडीचे. प्रत्येकावर चौदा हा आकडा ठोकलेला, आणि त्यातल्या चारचा एक कोपरा तुटका, कारण त्या गॅरेजातला चारचा ठसाच तुटका होता. लोकांना वाटतं, काय हौस आहे म्हाताऱ्याला. हौस कसली आलीय. एक्केचाळीस वर्षं जिवाला लागलेला घोर होता तो.

चौदा नंबरची गाडी चालवायचा त्यांचा थोरला भाऊ, दादा. गाडीची सगळी बांधणी डावखुऱ्यांच्या हातची. शर्यतीच्या सकाळी ते चाकांच्या मागच्या, स्टिअरिंगच्या बोल्टांच्या तारा बांधत होते. उजवी झाली, डावीकडे वळले, आणि गॅरेजच्या मालकानं टायरसाठी हाक मारली. ते धावले. परत आले तोवर गाडी रांगेत उभी होती. डाव्या चाकाची तार आपण बांधली की तशीच राहिली, हे त्यांना तेव्हाही आठवेना आणि नंतरही कधी आठवलं नाही. तिसऱ्या फेरीत गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ भिंतीवर गेली. दादाचा गुडघा चुरला. मालकानं उरलीसुरली गाडी भंगारात काढली, आणि कुणी भाग नीट बघायच्या आत ती तुकड्यातुकड्यांनी गावोगाव गेली.

तो बोल्ट सैल होऊन स्टिअरिंग सुटलं असेल, तर दादाचा पाय आपण मोडला. एवढी एक गोष्ट त्यांना कळायला हवी होती, आणि ती कळण्याची धास्तीही तितकीच होती. दादाला विचारायची छाती झाली नाही. अपघातानंतर महिनाभर ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत, गॅरेज सोडलं ते कायमचं. पुढे जाणंयेणं सुरू झालं, पण कसं, तर दारातल्या दारात. दादा म्हणणार, बस की. हे म्हणणार, घाई आहे. वहिनी पाणी आणेपर्यंत यांची पाठ दिसायची.

त्या मंगळवारी सकाळी एका भंगारवाल्यानं पोतं आणून टाकलं. बंद पडलेल्या कुठल्याशा गोदामातला माल, वीसेक भाग, डांबरासारख्या ग्रीसनं माखलेले. डावखुरे कामाला लागले. पोत्यातला माल काढायची त्यांची रीत ठरलेली: आधी जुन्या तारा कापून डब्यात टाकायच्या, कारण त्या बोटांत घुसतात, मग भाग रॉकेलात, मग नंबर. कुणी विश्वासानं हातात दिलेली वस्तू असती तर त्यांनी तासभर नुसती पाहिली असती. पण पोत्यातला माल म्हणजे हातांचं काम, डोकं दुसरीकडेच भटकत होतं. कात्री चालली, तारा डब्यात पडल्या, भाग रॉकेलात बुडाले.

चौथा की पाचवा भाग ब्रशनं घासला तेव्हा चौदा दिसला. चारचा कोपरा तुटका.

स्टिअरिंगचा आर्म, म्हणजे चाक वळवणारा दांडा होता तो, चाकाच्या तुटक्या बुडख्याला दोन बोल्टांनी धरलेला. वाकण बघितल्याबरोबर कळलं, डाव्या चाकाचा. दोन्ही बोल्ट जागच्या जागी घट्ट होते, आणि एकाच्या भोकात तारेचं बोटभरही नाही असं टोक अडकलं होतं. टोकाची कड लखलखीत, आत्ताच कापलेली.

म्हणजे तार होती. आणि ती आपण आपल्या हातानं कापून डब्यात टाकली. एक्केचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला दोन सेकंदांत कात्री लावली. जगाला आंघोळीवरून शिव्या देणारा हा माणूस, स्वतःच्या हातांना काय म्हणणार? त्यांनी कपाळावर हात मारला आणि ग्रीसचा पट्टा कपाळभर उमटला.

डबा जमिनीवर उपडा केला. बायको आवाजानं धावत आली. काय झालं विचारलं तर हे खेकसले, मग पुढच्याच क्षणी तिलाच म्हणाले, बस इथे, मदत कर. पीळ कसा बघायचा ते सांगितलं. उजव्या हाताचा माणूस एकीकडे पीळ देतो, डाव्या हाताचा उलटा. या धंद्यात उलटा पीळ देणारे आपण एकटेच. उलटा पीळ मिळाला की झालं, तार आपण बांधली होती.

लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि फळीवरच्या भागांचं कारण त्या माउलीला तेव्हा कळलं. ती चष्मा लावून बसली आणि एकेक तुकडा उचलून बाजूला ठेवू लागली, उजवी, उजवी, हीही उजवी. छत्तीस तुकडे झाले. एकही उलटा नव्हता.

म्हणजे आपण बांधली नव्हतीच. पण मग तार आली कुठून? डावखुऱ्यांनी एकेक तुकडा घेऊन बोल्टांच्या मधल्या अंतराला लावून पाहिला. अकरावा बसला, वळणासकट, आणि कापलेली कड भोकातल्या टोकाला तंतोतंत जुळली. पीळ सरळ, उजव्या हाताचा. आणि दुसऱ्या टोकाला तारेची शेपूट आत वळवून इवलीशी कडी केलेली.

"अगबाई," बायको म्हणाली, "भावजींच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेला अशाच कड्या आहेत की."

होत्याच. दादाला तारेचं टोक उघडं सोडवत नसे. कुंपण असो, पिंजरा असो, टोक आत वळवणार. लहानपणी घरातल्या तारांवर धाकट्यानं सारखी बोटं फोडून घेतली, तेव्हापासूनची सवय.

दुपारी ते दादाच्या दारात उभे राहिले. कपाळावरचा पट्टा तसाच. दादा गॅलरीत पाय लांब करून बसला होता. बस की, तो नेहमीसारखं म्हणाला. यांनी मूठ उघडून तार पुढे धरली.

"ही तू बांधलीस?"

दादानं तार उजेडात धरली, कडीवरून बोट फिरवलं. ओळखायला त्याला फार वेळ लागला नाही. हो, म्हणाला, तू टायरकडे पळालास, मी जाता जाता बघितलं, डावी राहिली होती, म्हणून बांधली. पाणी प्यालो म्हणून सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"मग गाडी वळली का नाही?"

"ब्रेक उशिरा मारला रे. चूक माझी होती. दवाखान्यात येईल त्याला सांगत होतो. तू आलाच नाहीस."

डावखुरे गॅलरीभर फिरले. भिंतीपर्यंत गेले, परत आले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठेतरी खाली, पण वर आला तो संताप. मी विसरलो होतो हे तुला माहीत होतं तर एकदा सांगायला काय झालं होतं, असं ते जवळजवळ ओरडलेच. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली आणि तशीच मागे झाली.

दादा म्हणाला, काय सांगणार होतो? तार बांधून झाली होती. सांगितलं असतं तर तुला उगाच लागलं असतं. तू गॅरेज सोडलंस तेव्हा मला वाटलं, माझ्यासारख्या ड्रायव्हरच्या गाडीला तुला आता हात लावायचा नाही. इतकी चांगली बांधलेली गाडी मी भिंतीवर घातली. दारातून परत जायचास, तेव्हाही तेच वाटायचं.

डावखुऱ्यांनी पायाचं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"गुडघा दोन वर्षांत बरा झाला होता," दादा म्हणाला. "पेडल दाबता यायचं. मालक दोनदा बोलवायला आला होता. पण गाडी दुसऱ्या कुणी बांधलेली असणार होती. मी नको म्हटलं."

डावखुऱ्यांनी शेजारची खुर्ची ओढली. तिच्यावर टॉवेल वाळत होता, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि बसले. वहिनी पाणी घेऊन आली, मग चहा घेऊन आली, मग दिवा लावायला आली, तेव्हाही ते तिथेच होते.