घंटेच्या माहेरी

न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्याच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती होता. आरतीची वेळ झाली तशी कुणीतरी फोन स्पीकरला जोडला आणि आम्ही सगळे तोंडं मिटून, हात जोडून उभे राहिलो. तेवढ्यात पांढरा शर्ट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी सरळ प्लग उपटला.

"नाना, स्वीट ॲज, मस्त चाललं होतं की!" आमचा सेक्रेटरी कळवळला.

"देव बहिरा नाही रे, तुम्ही आळशी आहात! तोंडं दिलीत ना? म्हणा मग."

म्हटली आम्ही. निम्म्यांना पुढची कडवी येत नव्हती हे त्या दिवशी उघडं पडलं.

हे नाना म्हात्रे. पेनरोज भागातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनीताचे वडील. बायको गेल्यावर वसईकडचं गाव सोडून लेकीकडे आले होते. रागीट म्हणून सगळे त्यांना टाळायचे. मला मात्र ते आवडायचे, कारण त्यांचा राग कधी स्वतःसाठी नसायचा.

त्यांच्या गावच्या देवळात एक पोर्तुगीज घंटा होती. मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. तिच्यावरची अक्षरं नानांनी वसईच्या एका पाद्र्याकडून वाचून घेतली होती. पोर्तुगालमधल्या एका नदीकाठच्या गावाचं नाव होतं ते. घंटा तिथे ओतलेली. "जिंकून आणलेली सून आमची," नाना म्हणायचे. "पण नांदवली चांगली." न्यूझीलंडला येईपर्यंत रोज संध्याकाळी ते स्वतः ती वाजवायचे.

मग देवळात विजेवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र आलं. बटन दाबलं की धडाडधूम! आणि २०१७ साली नानांच्या पुतण्याचा फोन आला. हा विश्वस्त. मी तेव्हा सुनीताच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. फोन स्पीकरवर होता.

"नाना, ती जुनी घंटा वितळवली. मस्त पाटी केली तिची, देणगीदारांच्या नावांची. तुमचंही नाव घातलंय!"

नाना ओरडतील असं मला वाटलं. ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "माझं नाव खरवडून काढ." माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. अरे मेल्यांनो, नावं लिहायला तुम्हाला दुसरा पत्रा मिळाला नाही?

दुसऱ्या दिवसापासून नानांनी एकच धोशा लावला. "सून गेली तर माहेरी निरोप द्यायला नको? रीत आहे की नाही काही?"

"नाना, लोक हसतील हो," सुनीता म्हणाली.

"हसू देत. वितळवताना नाही कुणाला लाज वाटली!"

पुढच्या वर्षी सुनीता, तिचा नवरा, नाना आणि मी पोर्तुगालला गेलो. पॅरिस सोडून खेड्यात कसले जाता, असं आमच्या मंडळातल्या शहाण्यांनी ऐकवलंच. जसं काही आम्ही त्यांच्या खिशातून जाणार होतो!

गाव छोटंसं होतं. उतारावर पांढरी घरं, खाली संथ रुंद नदी, काठावर निखाऱ्यांवर मासे भाजत होते. सुनीताचा नवरा फोटो काढत सुटला. नानांनी एक मासा खाल्ला. "आपली तारलीच ही. मीठ जरा जास्त झालंय," म्हणाले आणि उठून चर्चकडे चालू लागले.

चर्चची देखभाल करणाऱ्या बाईंना इंग्लिश येत होतं. घंटा कोण वाजवतं, असं मी विचारलं. त्यांनी हसून भिंतीवरचा डबा दाखवला. मोटर होती.

"इथेही बटन?" नाना कडाडले. "म्हणजे सगळ्या जगाचे हात झडले की काय?"

बाजूला जुनी दोरी लोंबत होती. बाई घाईघाईने काही सांगू लागल्या, पण थांबतील ते नाना कसले! त्यांनी दोरी धरून ओढली. वर घंटा घुमली. खांद्यातून जोर लावत, दम घेत, ते सावकाश वाजवत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर माणसं जमलेली. कणकेच्या हातांनी बायका आल्या होत्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. बाई मला म्हणाल्या, "तेच सांगत होते मी. हाताने आम्ही कुणी वारलं तरच वाजवतो. कोण गेलं, असं विचारतायत हे."

सुनीताने कपाळावर हात मारला. नाना मात्र ताठ उभे राहिले.

"सांग त्यांना," मला म्हणाले. "तुमच्या गावची लेक होती. आमच्याकडे दिली होती. ती गेली."

मी घंटेची सगळी हकिकत इंग्लिशमध्ये सांगितली, बाईंनी त्यांच्या भाषेत. कुणीसुद्धा हसलं नाही. काठी टेकत एक आजीबाई पुढे आल्या, त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं.

"काय झालं होतं तिला, विचारतायत," मी म्हणाले.

"काही झालं नव्हतं," नाना म्हणाले. "धडधाकट होती. घरच्यांनीच मारली."