मागून आलेली

माहेरी ती सगळ्यांची ताई होती. सासरी नणंद आधीच ताई होती, म्हणून हिला धाकटी म्हणू लागले. हिला विचारतंय कोण!

ऑफिसात तिनं दवाखान्याच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी एक क्लास, म्हणजे भेटीच्या तारखा सांभाळणारा कोडचा तुकडा, लिहिला आणि नाव ठेवलं 'डेट'. झालं, सगळ्या तारखा कोलमडल्या.

शेजारचा सहकारी डोकावला. "अगं, या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मुळातच एक 'डेट' आहे. सगळे हाक मारतायत तिला आणि ओ देतेय तुझी!"

"मग माझ्या 'डेट'चं नाव बदलते. मागून आलेलीनंच बदलायचं असतं," म्हणत तिनं 'व्हिजिटडेट' करून टाकलं. तारखा सुतासारख्या सरळ झाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवरची नजर न काढता तिनं उचलला. धाकटा भाऊ होता.

"ताई?"

"ताई घरी आहेत," ती म्हणाली.