कॅरिअरवरून पाहिलेला रस्ता

भिवंडीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. बाकीच्या जगाचा रविवार, आमचा शुक्रवार. सहा दिवस कापड विणणाऱ्या लूमची खटखट इतकी की कामतघरच्या आमच्या खोलीत भिंतीला हात लावला तर भिंत थरथरलेली कळायची, मांडणीवरची ताटली आपोआप सरकत कडेला यायची. शुक्रवारी सकाळी मात्र मला जाग यायची ती आवाज नसल्यामुळे. तुम्हाला हसू येईल, पण त्या शांततेने कान दुखायचे.

आमचे हे जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो उघडून ठीक करणारा माणूस. पंधरा-वीस वर्षं त्या आवाजात डोकं घालून त्यांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते, पण समोर उभं राहून बोललं तरच त्यांना समजायचं. आणि मी ही अशी बडबडी. देवाने नव्हे, कारण आम्ही बौद्ध माणसं, देवाचं नाव कशाला घेऊ, पण कुणीतरी जोडी मोठी मजेने लावली होती.

यांच्याकडे एक काळी दांडीची सायकल होती. ऐंशी सालाच्या पुढची ती आठ-दहा वर्षं, पावसाळा सोडला तर जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी आम्ही त्या सायकलवरून तलाव बघायला जायचो. लोक सिनेमाला जातात, आम्ही तलावाला. भिवंडीचं नाव काढलं की लोकांना धूळ आणि कापडाचे तागे आठवतात. पण गाव ओलांडलं की इकडे पाणीच पाणी आहे. कुठे नदी, कुठे धरणाचं पाणी, कुठे नुसतं गावचं तळं, ज्यात म्हशी बसलेल्या आणि कडेला कमळं. नदीनाक्यावरून निघायचं, शेलार मागे टाकायचं, मग दोन्हीकडे भातशेती. कापणी झालेली असली तर पेंढ्याचा वास, पुढे पुढे करवंदीच्या जाळ्या, आणि लांब निळे डोंगर. डोंगर काही जवळ यायचे नाहीत. मी यांना म्हणायची, "अहो, हे आपल्याला बघून मागे सरकतात." यांना कुठलं ऐकू यायला.

मी मागे कॅरिअरवर बसायची. बायका बसायच्या तशी, दोन्ही पाय एका बाजूला, डावीकडे. एक हात सीटच्या खाली धरलेला, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. तशी बसून मी त्यांच्या पाठीशी बोलत राहायची. शेजारणीचं भांडण, मुलीचं लग्न, रॉकेलची रांग, आईची आठवण, सगळं. घरात समोर उभी राहून जे बोलायला जीभ वळली नाही तेही त्या पाठीला सांगून झालं. त्यांना ऐकू येत नसे म्हणूनच असेल. वळण आलं की ते मान न वळवता म्हणायचे, "धर." मी धरायची. सायकल उजवीकडे कलायची, डांबरी सडक सुटायची आणि खडखडत मातीच्या रस्त्याने आम्ही त्या तळ्याशी जायचो, जिथे एक मोठा करंज पाण्यावर वाकलेला होता. त्या तळ्याचं नाव मला कधी कळलं नाही. यांनाही माहीत नसावं. आमच्यात त्याला "आपलं" एवढंच म्हणायचो. "आज कुठं?" मी हातानेच विचारायची. "आपलं," ते म्हणायचे.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि पाचव्या दिवशी ते गेले. याच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मुलगी लग्न होऊन कल्याणला गेलेली. सहा दिवस मला काही वाटायचं नाही, खरं सांगते. मी दवाखान्यात आया म्हणून कामाला होते, ड्युटी करायची, घरी आले की लूमचा आवाज असायचाच सोबतीला. पण शुक्रवार आला की सगळं बंद. खोलीत माझ्याच बांगड्यांचा आवाज यायचा. मी त्या दिवशीही बोलायची, सवयच ती. पण बोलायला पाठ नव्हती. एका शुक्रवारी मी भिंतीशी बोलताना शेजारच्या भाभीने पाहिलं. ती बनारसकडची, तिचा नवरा लूमवर. दारातूनच म्हणाली, "दीदी, किससे बात कर रही हो?" मला इतकी लाज वाटली की काय सांगू. त्याच दिवशी मी ठरवलं, शुक्रवारी घरात थांबायचं नाही. आपल्या तळ्यावर जायचं. स्वतः, सायकल चालवून.

मुलगी म्हणाली, "आई, एसटीने जा ना."

"एसटी तिथं थांबत नाही."

"मग आहे तरी कुठं ते तळं?"

"ते सायकलवाल्यांचं आहे," मी म्हटलं. ती कपाळाला हात लावून बसली.

पंचेचाळिशीच्या बाईने सायकल शिकणं म्हणजे सगळ्या चाळीला तमाशा फुकट. कामतघरच्या तलावाकाठी मी पहाटे शिकले. आधी कैंची, म्हणजे दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल. पाचवारी साडी साखळीत जायची म्हणून सासूचं जुनं नऊवारी लुगडं काढलं, कासोटा घट्ट मारला आणि दांडीवरून पाय टाकला. भाभी मागून सायकल धरायची आणि ओरडायची, "सामने देखो दीदी, चाक को मत देखो." दोनदा पाण्यात गेले. एक म्हातारा रोज तिथे दात घासायला यायचा. तो म्हणाला, "ताई, पोहायला शिकताय का सायकल?" मी म्हटलं, "दोन्ही. तुम्ही घासा."

थंडी सुरू झाल्यावर एका शुक्रवारी सकाळी निघाले. भाकरी, सुकट, पाण्याची बाटली. नदीनाका, शेलार, सगळं बरोबर. पाय भरून आले तरी उतरले नाही. डावीकडे वीटभट्टी आली, मग जोडखोडाचा आंबा, मग पिवळा रंग दिलेलं मारुतीचं देऊळ. मला सगळं पाठ होतं. मनात म्हटलं, आता येईल वळण.

वळण काही आलं नाही. पायडल मारत राहिले. डोळे समोर रस्त्यावर, भाभीने शिकवल्यासारखे. कधी ना कधी येईलच म्हणून पुढे, आणखी पुढे. आणि एकदम समोर नाका, टपऱ्या, एसटी उभी आणि बाण काढलेली पाटी, वज्रेश्वरी डावीकडे. म्हणजे मी अंबाडीला पोचले होते. वज्रेश्वरीला आम्ही एसटीने जायचो, गरम पाण्याच्या कुंडावर, तेव्हा हा नाका मला माहीत होता. तळं कधीच मागे राहिलं होतं.

रस्त्याकडेला एक म्हातारी गवताचा भारा टेकवून बसली होती. तिला विचारलं.

"तलाव? कंचा तलाव बाय? तलाव लय हायेत."

"करंजाचं झाड आहे बघा, पाण्यावर वाकलेलं."

"करंज पन लय हायेत. नाव काय त्याचा?"

"नाव मला माहीत नाही."

ती माझ्याकडे, माझ्या कासोट्याकडे, सायकलकडे बघत राहिली. "नाव माहीत न्हाय, रस्ता माहीत न्हाय. मंग जातेस कशाला?"

रडू आलं ते तिच्यासमोर नको म्हणून मी चहाच्या टपरीमागे गेले. तिथे उभी असताना माझ्या डोक्यात आलं ते हे, की आठ-दहा वर्षं मी त्या रस्त्याने गेले, पण वळण मी एकदाही पाहिलेलं नाही. ते उजव्या बाजूला होतं आणि माझं तोंड कायम डावीकडे. वळण मला डोळ्यांनी नाही, त्यांच्या "धर"मध्ये कळायचं. आता "धर" म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून मी सरळ निघून आले. इतक्या वर्षांच्या रस्त्यातला निम्मा रस्ता त्यांच्याकडेच राहिला होता.

परत निघाले. आता घरीच जायचं, असं ठरवून. हरल्यासारखी सायकल चालवत होते. डावीकडे सगळं अनोळखी. शेतं, कुंपण, एक शाळा, सगळं परक्या गावचं. मग एके ठिकाणी डावीकडे निवडुंगाची वई, म्हणजे काटेरी कुंपण, त्यापुढे दगडी कठड्याची विहीर. विहीर बघून माझे हात ब्रेकवर गेले. ही विहीर मला माहीत होती. ही आम्हाला परत येताना दिसायची, तळ्यावरून सडकेला लागल्या लागल्या, पहिली. येताना माझं तोंड ह्या बाजूला असायचं ना.

म्हणजे ओळखीचं जिथून सुरू झालं, तिथेच वळण. मी उतरले, सायकल फिरवली आणि चालत मागे गेले. निवडुंगाच्या वईपलीकडे, पन्नास पावलांवर, मातीचा रस्ता आत जात होता. इतका साधा की गुरं गेली असतील असं वाटावं.

तळं तिथेच होतं. करंज आणखी खाली वाकला होता, एक फांदी पाण्यात. पाणी भरपूर, पलीकडच्या काठाला बगळे. मी दगडावर बसले, भाकरी सोडली. बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला सुचेना काय बोलावं. दुपार कलेपर्यंत बसले, एक शब्द न बोलता. शांतता होती, पण कान दुखले नाहीत.

त्यानंतर गुडघे साथ देईपर्यंत, नव्वद सालानंतरची बरीचशी वर्षं, मी शुक्रवारी तिथे जात राहिले. इतर तळीही शोधली, एकटीने, सायकलवरच. रस्त्यातली सगळी वळणं घ्यायला शिकले, उजवी, डावी, उताराचीसुद्धा. फक्त निवडुंगाच्या वईपाशी आले की मी सायकलवरून उतरायची आणि ते एक वळण चालत घ्यायची. सायकल हाताने धरून.