आपलं जर्मन

श्रीरामपूरच्या बाजारात तो अ‍ॅल्युमिनियमची भांडी विकायचा. आमच्याकडे त्या धातूला 'जर्मन' म्हणतात. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. पातेल्यावर टिचकी मारायची, कान द्यायचा आणि खूश होऊन मान डोलवायची, ही त्याची सवय. समोरच स्टीलच्या भांड्यांचं नवं दुकान झालं होतं आणि गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी खेळतेय, हे त्याला माझ्याकडून कळलं आणि तो संघ त्यानं घरचाच मानला. शाळेत जाताना रोज मला हाक मारायचा, "मास्तर, आपलं जर्मन काय म्हनतंय?"

पूर्व जर्मनीनं त्यांना हरवलं, ते मी जरा जपूनच सांगितलं.

"जर्मननंच जर्मनला?" तो खदखदून हसला. "चालायचंच. भांड्याला भांडं लागतंच की!"

अंतिम सामन्यात हॉलंडनं आधी गोल केला, तरी जिंकली जर्मनीच. ऐकताच त्यानं एका पातेल्यावर टिचकी मारली आणि स्टीलवाल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पोचा पडंल, पन जर्मन फुटायचं न्हाई!"

घरी बायको म्हणाली, "स्टीलचं पातेलं आणायला गेला होतात ना?"

हातातलं पातेलं पुढे करत मी म्हटलं, "हे जगज्जेतं आहे."