दलदलीतली नोकरी

आमच्या ह्यांची सगळी नोकरी परळ-लालबागच्या रस्त्यांवर तुंबलेलं पाणी समुद्राकडे घालवण्यात गेली. पाणी तुंबायचं थांबलं नाही, पण ह्यांनी कधी कसूर केली नाही. मुलगी इंग्लंडला मातीचा अभ्यास करायला गेली आणि तिथल्याच एका दलदलीवर कामाला लागली.

व्हिडिओ कॉलवर तिने आम्हाला समजावलं. सखल जागी पाणी साचून राहतं. त्यात शेवाळ मरतं, पण नीट कुजत नाही; थरावर थर चढून काळी माती होते. तिला पीट म्हणतात. लोकांनी चर खणून दलदल सुकवली, शेती केली, पीट जळणाला नेलं, पुढे बागांसाठी पोत्यांत भरून विकलं. सुकलेलं पीट हवेत कार्बन सोडत राहतं. म्हणून आता तिच्या कामावरची मंडळी ते चर बुजवतात.

"म्हणजे तू पाणी तुंबवतेस?" ह्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

हे उठून चहा टाकायला गेले. एरवी चहा मी टाकते.

दिवाळीला ती प्रभादेवीला घरी आली. गॅलरीत गुलाबाच्या कुंडीशेजारी तिला पीटची पिशवी दिसली. हे दादरच्या नर्सरीतून घेऊन आले होते.

"बाबा, हे कुणी उकरू नये म्हणून मी तिकडे चिखलात उभी असते! आणि तुम्ही झाडांना घालताय?"

"झाडांना नाही गं," हे म्हणाले. "तू दिवसभर कशात उभी असतेस, ते हातात घेऊन बघायचं होतं."

ती खाली बसली, मूठभर पीट पाण्यात भिजवून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "दाबा." पाणी निघतच राहिलं. लादी मी नुकतीच पुसली होती.

"चर सिमेंटने बुजवा," हे म्हणाले. "पक्कं काम होईल."

"सिमेंट नाही, बाबा. पीटचेच बांध घालतो."

"टिकतात?"

"ओले राहिले तर."

ह्यांना ते पटलं नाही, पण जेवायची वेळ टळेपर्यंत ते विचारत राहिले.

आता दर रविवारी तिच्याकडून बांधांचे फोटो येतात. उतार कुठे चुकलाय ते हे तिला सांगतात. बहुतेकदा तो चुकलेला नसतो. तरी दोघं खूप वेळ बोलतात. फोन ठेवताना ती विचारते, "आई, तू कशी आहेस?"

मी बरी असते.