नावाड्यांचा बेल-भंडार
देवळात भंडाऱ्याचा वास आला की मी आजही उठून बाहेर येते. निजामाच्या राज्यात गेवराईकडं गोदावरीवर आमच्या माणसांच्या नावा चालायच्या. नाव ओढताना माझ्या नवऱ्याचा हात चेंगरला आणि नदी उतरायच्या घाटाचा मक्ता घेतलेल्या मक्तेदारानं त्याला हाकलून दिलं. तेव्हा सगळ्या नावाड्यांनी बेल-भंडार उचलून शपथ घेतली, याला परत घेईपर्यंत कुणी वल्ह्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, नदी दुथडी वाहत असताना, पलीकडच्या काठावर एक माणूस आला. खांद्यावरचं लेकरू दोन्ही हातांनी उंच धरून तो ओरडू लागला, "नाव आणा हो! लेकराला वैद्याकडं न्यायचंय!" माझा नवरा म्हणाला, "शपथ माज्यासाठीच हाय ना? मग मी म्हणतो, जावा एकजण." थोरला नावाडी म्हणाला, "आज एक नाव सुटली, की उद्या मक्तेदार आपल्याला एकेकाला गाठल. लई वंगाळ वाटतंय, पर न्हाई." नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. हाका दिवस मावळेपर्यंत येत होत्या. तिसऱ्या दिवशी मक्तेदार नमला. पहिल्याच खेपेला तो माणूस अलीकडं आला, खांदा रिकामा. उतरताना नावेच्या पाया पडला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "काल नाव कावून आली न्हाई, दादा?" पुढं जन्मभर नवऱ्यानं वल्हं मारलं, पण पलीकडचा काठ जवळ आला की मान खाली घालायचा. आता तो नाही. मी तर त्या खेपेला पाण्याचा हंडा घेऊन शेजारीच उभी होते, आणि त्या माणसानं मला काहीच विचारलं नाही.