मागून चालणारे मास्तर

दुसऱ्याच्या मागे त्याच्यासारखंच चालत जाऊन मार खाणारा शिकलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि त्यानं शेवटचं संत्रं माझ्यासोबत खाल्लं. कॉलेजच्या हॉलच्या पायरीवर आम्ही संध्याकाळी बसलो होतो. शेंदूरजन्याचं संत्रं, मी सोललं. मास्तरांनी सगळ्या बिया तळहातावर गोळा केल्या आणि उठताना म्हणाले, "घंटावाले, उद्या हॉल लवकर उघडजा." बस, एवढंच.

मी अमरावतीच्या त्या कॉलेजात शिपाई. शिक्षण चौथी. घंटा वाजवायची, सतरंज्या झाडायच्या. मास्तर अकोल्याच्या भाजीवाल्याचे पोरगे, पण कुठंकुठं जाऊन शिकून आलेले. मनातून खचलेल्या माणसाला अंग हलवून, नाचवून, त्याच्याशी बोलून उभं कसं करायचं, हे ते बी.ए. झालेल्या पोरापोरींना वर्षभर शिकवत. कागदावर त्या वर्गाचं नाव लांबलचक होतं. गावात त्याला नाचाचा दवाखाना म्हणत.

मास्तरांचा नियम एकच. ज्याला बरं करायचं, त्याच्यासारखं आधी चाला. तो खांदा पाडतो, तुम्ही पाडा. तो टाच घासतो, तुम्ही घासा. कुठं दुखतं ते तुमच्या अंगाला कळेल, मग तोंड उघडा. हे ते वर्गात शिकवत तोवर ठीक होतं. रस्त्यावरही सोडत नसत. अकोल्याच्या कापूस बाजारात एका पोटवाल्या अडत्याच्या मागे हात बांधून, पोट काढून निघाले. नक्कल करतो म्हणून अडत्याच्या माणसांनी धरून ठोकलं. मार खाता खाता हे पोरांना ओरडून सांगतात, "पहा रे, याचा राग खांद्यातून येऊन राहिला!" एकदा गवळ्याच्या म्हशीमागे लंगडत गेले. गवळी म्हणाला, "काहून हो मास्तर, म्हशीचीबी मस्करी?" मास्तर म्हणाले, "मागचा उजवा पाय पाह्यजो तिचा." पाहिला, तर खुरात बाभळीचा काटा. आमचे प्रिन्सिपॉल तर मास्तर दिसले की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

चालून झालं की बसायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. ज्यानं सल्ला दिला, त्यानं त्या दिवशी माझ्या सतरंज्या झाडायच्या. मला आपलं बरंच होतं. तरी एकदा मी तोंडावर विचारलं, "मास्तर, नुसतं ऐकाले बी.ए. कशाले लागते?"

"बी.ए.वाल्यायलेच शिकवा लागते, बाप्पा," ते म्हणाले. "बाकीच्यायले येते."

माझी बायको त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. मी रडलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी कामावर आलो, घंटा वाजवली. लोक म्हणाले, दगड आहे. असेन. मग एका दुपारी हॉलकडे जाताना मागून पावलं ऐकू आली. वळलो, तर मास्तर! मी उखडलोच.

"माह्या मागं नोका येऊ. मी काई तुमचा रोगी नोहो."

"नाई येत. पण एक सांगा घंटावाले, हे पाऊल कोणाचं हाये?"

"माहं! कोणाचं राहीन?"

"तुमी लंबेचौडे माणूस. पाऊल टाकता टिचभर, अन् मधात थांबता. डावीकडं एका माणसाची जागा सोडता. कोणाची?"

तिचा एक पाय लहानपणापासून आखूड होता. ती नेहमी माझ्या डाव्या हाताला चाले. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराला मी दाणदाण पुढे गेलो, तर ती भर रस्त्यात म्हणाली होती, "एवढी घाई हाये तं एकलेच जा." तेव्हापासून मी पाऊल कापलं. ती गेली, पाऊल तसंच राहिलं, आणि मला पत्ताच नव्हता. मी हॉलच्या पायरीवर बसलो आणि लेकरासारखा रडलो. मास्तर शेजारी बसले. सल्ला दिला नाही.

पुढे वर्गातला एक हुशार पोरगा म्हणाला, "सर, यांची चाल महिन्याभरात सरळ करता येईल." बायकोची म्हणून तेवढीच एक वस्तू माझ्याजवळ उरली होती. मास्तरांनी त्या पोराला आठवडाभर सतरंज्या झाडायला लावल्या. "ते दुखणं नाई," म्हणाले, "ते सोबत हाये. हात लावायचा नाई." मास्तरांना मी मानलं ते त्या दिवशी.

तर त्या संत्र्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉल लवकर उघडला, आणि तेवढ्यात निरोप आला की मास्तर झोपेतच गेले. त्यांचे भाऊ अकोल्याहून निघाले होते. अकरा पोरंपोरी हॉलमध्ये येऊन माना खाली घालून उभी राहिली. मी घंटा वाजवली. मग मास्तर स्वतः चालताना काढत तसा उजवा खांदा पुढे काढला, मान तिरपी केली आणि हॉलमध्ये चालायला लागलो. पाऊल मात्र टिचभरच टाकलं, डावीकडं जागा सोडून. अर्धा फेरा झाल्यावर मागून एक पाऊल वाजलं, मग दुसरं, मग सगळीच. मी वळून पाहिलं नाही.